मुकादमाच्या पलीकडचा मालक

वैतरणेच्या मुखापासून डहाणूच्या खाडीपर्यंतची किनारपट्टी नकाशावर फार अरुंद दिसते. पश्चिमेस समुद्र, पूर्वेस जव्हार-मोखाड्याकडे चढत जाणारे डोंगर, आणि या दोहोंच्या मधून एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात मुंबईला सुरतेशी जोडणारा बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया कंपनीचा लोहमार्ग, एवढाच तिचा विस्तार. परंतु धनी आणि चाकर, मालक आणि मजूर, अधिकारी आणि कर्मचारी यांच्या संबंधांची जितकी भिन्न रूपे या पट्ट्यात एका शतकाच्या आत एकमेकांच्या शेजारी नांदली, तितकी महाराष्ट्राच्या अन्य एखाद्या भागात नांदली असतील असे मला वाटत नाही. सातपाटीच्या होडीतला तांडेल आणि त्याचा खलाशी, डहाणूच्या रानातला जमीनदार आणि त्याचा वेठीचा वारली, तारापूरच्या अणुवीज केंद्रातला अभियंता आणि त्याच्या हाताखालचा तंत्रज्ञ, बोईसरच्या रासायनिक कारखान्यातला प्लँट हेड आणि कंत्राटदाराच्या यादीवरचा हेल्पर, हे सारे परस्परांपासून थोडक्या कोसांच्या अंतरावर वावरले. मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास सविस्तर लिहिला गेला आणि तो लिहिला जाणे योग्यच होते. या पट्ट्याचा उल्लेख मात्र चिकू, पापलेट आणि वारली चित्रे एवढ्यावर आटोपतो.

आजच्या उद्योगांतून विश्वास आणि संवाद यांची चर्चा पुष्कळ होते. त्यासाठी प्रशिक्षणवर्ग भरतात, भिंतींवर फलक लागतात, वरिष्ठांची भाषणे होतात. या सर्व खटाटोपात एक गोष्ट सहसा दृष्टीआड राहते, ती अशी की वरून खाली जाणारा शब्द कोणत्याही काळात फारसा अडलेला नाही. हुकूम, फर्मान, ताकीद यांना वाट नेहमीच मोकळी असते. अडतो तो खालून वर जाणारा शब्द. तो किती हातांतून जातो, कोणत्या हातात थबकतो, आणि मुक्कामी पोहोचल्यावर तो बोलणाऱ्याच्या पोटापाण्यावर काय परिणाम होतो, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवरच विश्वासाचे अस्तित्व अवलंबून असते, आणि पालघर-तारापूरचा इतिहास या दृष्टीने वाचला तर तो एका सलग कथेसारखा उलगडतो.

दप्तरांच्या काळात मागे गेले तर तारापूरचे नाव १७३९ च्या जानेवारीत ठळकपणे पुढे येते. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगिजांकडून तारापूरचा कोट घेतला, आणि त्या झुंजीत बाजी भिवराव रेठरेकर हे अप्पांच्या निकट विश्वासातले सरदार गोळी लागून पडले. त्यांच्या मातोश्रींना अप्पांनी धाडलेले सांत्वनपत्र मराठी पत्रवाङ्मयाच्या वाचकांना परिचित आहे. विजयाच्या धामधुमीत असलेला सेनापती आपल्या हाताखालच्या माणसाच्या घरी दुःखाचा भागीदार म्हणून लिहितो, ही गोष्ट त्या काळच्या नेतृत्वाविषयी आदर उत्पन्न करणारी आहे. तथापि हा जिव्हाळा सरदारापर्यंतचा होता हे विसरता येत नाही. पथकातल्या शिपायाचा रोजमुरा पथकाच्या सरदाराच्या हातून मिळे, त्याची फिर्यादही त्याच वाटेने जाई, आणि श्रीमंत पेशव्यांची व त्याची प्रत्यक्ष गाठ पडण्याचे प्रसंग विरळ असत. मधल्या माणसाच्या भल्या-बुऱ्या स्वभावावर खालच्या माणसाचे सारे भवितव्य सोपवण्याची ही रीत पेशवाईबरोबर संपली नाही. तिने केवळ नावे बदलली.

या रीतीला एक सुंदर अपवाद समुद्रावर होता. सातपाटी, मुरबे, वडराई, दांडी, घिवली या गावांतील मांगेला, वैती आणि कोळी लोकांच्या जुन्या मासेमारीत रोजाची मजुरी नव्हती, वाटा होता. खर्च वजा जाता मासळीच्या उत्पन्नाचे भाग पडत. होडीचा, जाळ्यांचा आणि माणसांचा. तांडेलाचा अधिकार भर समुद्रात निर्विवाद असे, कारण वाऱ्याचे आणि पाण्याचे ज्ञान त्याच्यापाशी असे; परंतु ज्या लाटेने खलाशी बुडणार तिनेच तांडेलही बुडणार, हे दोघांना ठाऊक असल्यामुळे नाळीवर उभ्या असलेल्या पोराने पुढे खडक आहे असे ओरडून सांगितले, तर त्याचे वय किंवा मान न पाहता होडी वळत असे. सल्ला ऐकून घेण्याचे औदार्य म्हणून हे घडत नव्हते. धोक्यात आणि लाभात दोघेही वाटेकरी असल्यामुळे ऐकणे हीच तांडेलाची गरज होती. पुढे होड्यांना इंजिने बसली, डिझेल आणि बर्फ यांचा खर्च आला, कर्जे आली, आणि कित्येक ठिकाणी वाट्याची जागा पगाराने घेतली. आज डहाणू-तलासरीकडचे आदिवासी खलाशी आगाऊ रक्कम घेऊन सौराष्ट्राच्या बंदरांतील परक्या मालकांच्या बोटींवर आठ-आठ महिने जातात, आणि त्यांतील काहींना सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपाखाली पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढावी लागली आहेत. बोट कोठवर न्यायची हे ठरवणारा बंदरावर असतो, आणि परिणाम भोगणारा पाण्यावर. त्याच व्यवसायात, त्याच किनाऱ्यावरच्या माणसांच्या बाबतीत, वाटा जाताच शब्दही गेला.

आता किनाऱ्यावरून रानाकडे वळले पाहिजे, कारण या कथेचा गाभा तेथे आहे. डहाणू, उंबरगाव आणि पालघर या तालुक्यांतील वारल्यांच्या जमिनी एकोणिसाव्या शतकात सावकारांच्या आणि जमीनदारांच्या हाती गेल्या, आणि मूळचा कास्तकार आपल्याच शेतावर कूळ झाला. कुळाने खंड द्यावा एवढ्यावर हे थांबले नाही. मालकाच्या शेतावर, घरी, गवताच्या वखारीवर, बोलावणे येईल तेव्हा विनामूल्य राबण्याची वेठ त्याच्या गळ्यात पडली. पावसाळ्यातल्या उपासमारीत घेतलेली खावटी सुगीला दीडपटीने फेडण्याचे बंधन आले. आणि लग्नासाठी थोडके रुपये उसने घेणारा तरुण, नवविवाहित पत्नीसह, वर्षानुवर्षे मालकाचा लग्नगडी होऊन राहिला. १९३८ च्या सुमारास मुंबई सरकारचे अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी आदिवासींच्या स्थितीविषयी जो अहवाल सिद्ध केला, त्यात या दास्याची नोंद सरकारी भाषेत, म्हणजे भावनेचा लवलेश न ठेवता, झालेली आहे, आणि म्हणूनच ती अधिक अस्वस्थ करते.

या व्यवस्थेत संवाद नव्हता असे म्हणणे अपुरे होईल. पुष्कळसे जमीनदार गावात राहतच नसत. त्यांचे कारभारी आणि गवत-लाकडाच्या ठेकेदारांचे मुकादम हेच वारल्याच्या लेखी मालकाचे हात, तोंड आणि कान होते, आणि त्यांपैकी कान तेवढे निकामी होते. हुकूम त्यांच्या तोंडून येई, मार त्यांच्या हातून मिळे. पण गाऱ्हाणे त्यांच्या कानी घातले तर ते तेथेच मुरून जाई, किंवा मालकापर्यंत पोहोचलेच तर उद्धटपणाचा पुरावा म्हणून पोहोचे. कचेरीत दाद मागावी तर अर्ज लिहिणारा कारकून दुसऱ्या पक्षाच्या पंक्तीला बसणारा. अशा माणसाने मौन धरले तर त्याला अज्ञानी, मंद, आज्ञाधारक म्हणण्याची चाल पडते, आणि ठाणे जिल्ह्याच्या जुन्या लिखाणात वारल्यांविषयी ही विशेषणे विपुल आढळतात. ज्यांनी ती वापरली त्यांना त्या मौनामागची कारणे कधी दिसली नाहीत, याचे मला वाईट वाटते.

१९४५ च्या जानेवारीत टिटवाळा येथे महाराष्ट्रातील किसान सभेची परिषद भरली, आणि तेथे गेलेल्या वारल्यांनी आपल्या भागातल्या वेठीची हकीकत सांगितली. त्यानंतर शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य या रानात आले. गोदावरीबाई पुण्याच्या सुशिक्षित कुटुंबातल्या, कायद्याच्या पदवीधर, भारत सेवक समाजात काम केलेल्या. त्यांनी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती सर्व हकीकत लिहिली, आणि त्या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कारही लाभला. त्यांच्या कार्यपद्धतीचा विचार आजच्या व्यवस्थापकांनीही करावा असे मला प्रामाणिकपणे वाटते. पाड्यापाड्यांतून पायी हिंडावे, झोपडीत राहावे, समोर येईल ते अन्न खावे, वारल्यांची बोली समजून घ्यावी, आणि भाषण करण्याच्या आधी पुष्कळ दिवस ऐकावे, असा त्यांचा क्रम होता. २३ मे १९४५ रोजी झरी या गावी वारल्यांची मोठी परिषद भरली आणि तिच्यात साधे निर्णय झाले: वेठ करायची नाही, मालकाच्या खाजगी शेतावर रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज काम करायचे नाही, मार निमूटपणे सोसायचा नाही, आणि एकजूट सोडायची नाही. हे निर्णय कागदावर छापून वाटण्याची सोय नव्हती आणि वाटले असते तरी वाचणारे थोडे होते. ते तोंडोतोंडी रानभर पसरले, आणि ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मालकापुढे मान वर केली नव्हती अशा माणसांनी ते मालकांच्या दारी जाऊन सांगितले.

या तोंडी निरोपांच्या जाळ्याचे सामर्थ्य किती होते ते एका दुःखद प्रसंगाने सिद्ध झाले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गवतकापणीच्या दरासाठी संप चालू असताना गोदावरीबाईंच्या नावाने एक खोटा निरोप गावोगाव फिरवण्यात आला, आणि त्या निरोपावर विसंबून तलवाड्याला हजारो वारली गोळा झाले. ११ ऑक्टोबरला पोलिसांनी त्या जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्यांच्यासह आणखी चौघे मारले गेले. ज्या माणसाच्या शब्दावर लोकांचा विश्वास आहे त्याचाच शब्द चोरून त्यांना मृत्यूच्या दारी आणता येते, हे ज्याने योजले त्याला विश्वासाची किंमत फार चांगली ठाऊक होती, असे म्हणावे लागते. परुळेकर दांपत्याला जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले. तरीही संप मोडला नाही. पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये हा दर मालकांना अखेर द्यावा लागला. पुढच्या वर्षी जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप झाला आणि लाकडाच्या व्यापाऱ्यांना सव्वा रुपया रोज मान्य करावा लागला. १९४७ च्या जानेवारीत पालघर तालुक्यातील नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन वारली प्राणांस मुकले, आणि स्वातंत्र्य तेव्हा काही महिन्यांवर येऊन ठेपले होते.

पाचशे पौंडांस अडीच रुपये या आकड्याकडे मी केवळ मजुरीचा दर म्हणून पाहत नाही. या पट्ट्यात काम करणाऱ्याने कामाची किंमत सांगितली आणि काम देणाऱ्याला ती ऐकावी लागली, असा हा पहिला मोठा प्रसंग. मुकादमाच्या पलीकडे कोणी मालक आहे, त्याला कान आहेत आणि आपला आवाज तेथवर जाऊ शकतो, ही जाणीव त्या आकड्याने रानात नेली. परंतु हा विश्वास वारल्या-वारल्यांमधला होता. मालक आणि मजूर यांच्यामध्ये त्याने मूळ धरले नाही, आणि धरण्याजोगी जमीनही कोणी तयार केली नाही. वेठबिगारीच्या निर्मूलनाचा कायदा देशात १९७६ साली झाला. त्यानंतरही वसईजवळच्या उसगाव येथून विवेक पंडित यांना श्रमजीवी संघटना उभारून गावोगावच्या वेठबिगारांना मुक्त करावे लागले, आणि जव्हार-विक्रमगडची कुटुंबे आजही दिवाळीनंतर बयाणा घेऊन वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात.

मधल्या माणसाचे हे संकट रानापुरतेच नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत त्याचे नाव जॉबर होते. कामावर घेणे, काढणे, रजा देणे आणि या प्रत्येकाबद्दल दस्तुरी घेणे, हे सर्व त्याच्या हाती. ठाण्यात वाढलेल्या नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगापुढे ठेवला, तेव्हा जॉबराला वगळून कामगारांचा शब्द वर गेला, आणि १८९० च्या जूनपासून आठवड्याची सुटी मिळाली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालाने जॉबराच्या लाचखोरीवर कठोर ताशेरे ओढून कामगार अधिकारी नेमण्याची शिफारस केली; १९३४ साली मुंबई सरकारने कायद्याने असा अधिकारी नेमला; आणि १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत मालक व कामगार यांचे समसमान प्रतिनिधी असलेल्या कार्यसमित्यांची तरतूद केली. पालघरच्या पट्ट्यात कारखाने आले तेव्हा हा सर्व अनुभव कायद्याच्या पुस्तकात छापून तयार होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कारखान्यांच्या आधी अणुवीज केंद्र आले. अमेरिकेशी १९६३ साली करार झाला, जनरल इलेक्ट्रिक कंपनीने दोन उत्कलन-जल अणुभट्ट्या पुरवल्या, आणि २८ ऑक्टोबर १९६९ रोजी आशियातील पहिल्या अणुवीज केंद्रांपैकी एक असे हे केंद्र व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. मासळी सुकवणाऱ्या गावांच्या शेजारी, ज्यांच्या घरी तेव्हा कंदील होते अशा माणसांच्या शेजारी, एक वसाहत उभी राहिली आणि तिच्यात श्रमसंबंधांची अगदी निराळी रीत आली. किरणोत्सर्गाच्या क्षेत्रात जाणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर मापक असतो, आणि त्याला किती मात्रा मिळाली याची नोंद त्याच्या नावावर होते. अभियंता असो वा झाडू मारणारा, मोजमापात भेद नाही. काम सुरू करण्यापूर्वी लेखी परवाना लागतो आणि किरणोत्सर्ग मोजणाऱ्याला काम थांबवण्याचा अधिकार असतो. १९७४ च्या पोखरणच्या चाचणीनंतर परदेशी साहाय्य आटले, इंधनाची विवंचना सुरू झाली आणि सुटे भाग येथेच घडवावे लागले. त्या दिवसांत परदेशी पुस्तकापेक्षा प्रत्यक्ष नळ्यांपाशी वाकून काम केलेल्या तंत्रज्ञाच्या सांगण्याला अधिक मोल आले असले पाहिजे, असे मी मानतो. प्रत्येकी २१० मेगावॉटच्या त्या भट्ट्यांची क्षमता पुढे १६० पर्यंत उतरवावी लागली. पण आयुष्य त्यांनी दीर्घ काढले. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर जगभरच्या अणुशास्त्रज्ञांनी सुरक्षा-संस्कृतीचा जो विचार मांडला, त्याचे सारही हेच की कनिष्ठाने शंका काढली तर काम थांबले पाहिजे आणि शंका काढणाऱ्याला धक्का लागता कामा नये.

केंद्राच्या कुंपणाबाहेर मात्र ही रीत पोहोचली नाही. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याने माहिती राखून ठेवण्याचे विस्तृत अधिकार सरकारला दिलेले असल्याने गावांना उत्तरे मिळत ती मोजकी. प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी, ज्या अनुक्रमे २००६ आणि २००५ मध्ये चालू झाल्या, अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठवावी लागली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा तंटा मुंबई उच्च न्यायालयात वर्षानुवर्षे चालला. आत मोजून लिहिलेला शब्द आणि बाहेर राखून ठेवलेला शब्द, अशी एकाच संस्थेची दोन रूपे या किनाऱ्याने पाहिली आहेत.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, आणि सत्तरच्या दशकात बोईसर व तारापूर यांच्या दरम्यान सालवड, पास्थळ, सरावली, कुंभवली, कोलवडे या गावांच्या परिसरात त्याची औद्योगिक वसाहत वाढू लागली. मागास भागात उद्योग नेणाऱ्यांस सवलती होत्या, मुंबई रेल्वेने जवळ होती, समुद्र सांडपाण्यासाठी समोर होता. औषधांची मूळ द्रव्ये, रंगद्रव्ये, कापडाची प्रक्रिया, पोलाद, अशा शेकडो कारखान्यांनी बोईसर गजबजले. प्रारंभीच्या पिढीत कारखान्याचा मालक बहुधा मुंबईहून सकाळच्या गाडीने येई, शेडमधून एक फेरी मारी, कामगारांना नावाने ओळखी. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होई तेव्हा तो स्वतः हजर राहून पेढा वाटी. या संबंधात सरंजामी वास होता हे खरे. पण झडप गळते आहे हे सांगण्यासाठी कामगाराला चार पायऱ्या चढाव्या लागत नव्हत्या.

पुढे कारखाने मोठे झाले, मालकाची जागा मंडळाने घेतली, आणि कामगारांची भरती हळूहळू कंत्राटदारांकडे गेली. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याचा हेतू या पद्धतीला आळा घालण्याचा होता. व्यवहारात ती वाढली. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड येथून आलेली माणसे चाळीच्या खोलीत सहा-सातजण राहतात. विक्रमगड-जव्हारचे आदिवासी पहाटे जीपमध्ये दाटीवाटीने बसून येतात. आणि गेटवर ज्याचा पास दाखवावा लागतो तो कारखान्याचा नसतो, कंत्राटदाराचा असतो. हजेरी त्याची, पगार त्याचा, काढून टाकण्याचा अधिकार त्याचा. जॉबर आणि मुकादम या दोघांना कायद्याने ज्या दारातून बाहेर घालवले, त्याच्या शेजारच्या दारातून ते परत आले. रासायनिक कारखान्यात याचा अर्थ गिरणीतल्यापेक्षा भयंकर असतो, कारण येथे धोका पहिल्यांदा ज्याला दिसतो तो बहुधा सगळ्यात खालचा माणूस असतो: पात्राचे तापमान चढते आहे, वास निराळा येतो आहे, नळीचा सांधा घामेजला आहे, हे पाहणारा तोच.

तारापूरच्या या वसाहतीत मार्च २०१८ मध्ये एके रात्री एका कारखान्यात स्फोट झाला, जानेवारी २०२० मध्ये दुसऱ्या एका औषधी कारखान्यात झाला, ऑक्टोबर २०२२ मध्ये तिसऱ्या ठिकाणी झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात नायट्रोजन वायूच्या गळतीने चार कामगार दगावले. यांच्या मधल्या काळातही आगी आणि लहान स्फोट होतच राहिले. प्रत्येक दुर्घटनेचे तांत्रिक कारण वेगळे असते आणि ते तपासणे तज्ज्ञांचे काम आहे. धोका आधी कोणाला दिसला आणि तो कोणाला सांगता आला, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारण्याजोगा असतो. शिवाय खालचा शब्द केवळ धोक्याच्या बाबतीतच अडतो असे नाही. मे २०२३ मध्ये येथल्याच एका मोठ्या पोलाद कारखान्यात संघटनेच्या वादावरून दगडफेक झाली, पोलिस जखमी झाले आणि कामगारांची धरपकड झाली, तेव्हा वृत्तपत्रांनी हिंसेचा निषेध केला, आणि निषेध योग्यच होता. पण बोलण्याची वाट बंद असली की माणसे दगड उचलतात, ही नोंदही त्या निषेधाशेजारी असायला हवी होती.

भोपाळची गोष्ट येथे टाळता येत नाही. तेथल्या कारखान्यात १९८१ साली वायूने एक कामगार मेला, १९८२ साली कामगारांनी धोक्याची भित्तिपत्रके लावली, राजकुमार केसवानी या पत्रकाराने शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसले आहे असा इशारा छापला. आणि डिसेंबर १९८४ पर्यंत यातले काहीच ऐकणाऱ्याच्या कानी गेले नाही. त्या महिन्यातल्या वायुगळतीच्या संहारानंतर १९८७ साली कारखाना कायद्यात नवे प्रकरण घातले गेले. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगारांना देणे मालकावर बंधनकारक झाले. कामगार आणि व्यवस्थापन यांचे समसमान प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती आली. आणि ४१-एच या कलमाने, प्राणास निकटचा धोका वाटल्यास तो व्यवस्थापकाच्या आणि त्याच वेळी निरीक्षकाच्या निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला मिळाला. व्यवस्थापकाला धोका पटला तर त्याने तत्काळ उपाय करावा, न पटला तर प्रकरण निरीक्षकाकडे धाडावे, आणि निरीक्षकाचा निर्णय अंतिम. सातपाटीच्या होडीत नाळीवरच्या पोराला जे सहज लाभलेले होते, ते कारखान्यातल्या माणसाला मिळवून देण्यासाठी हजारो माणसे मरावी लागली. हे कायदे आता २०२० च्या संहितांत सामावले गेले आहेत. तत्त्व कायम आहे.

बोईसरच्या कारखान्यांत आज या तत्त्वाचे काय होते? प्रत्येक पाळीचा व्हॉट्सॲप गट असतो, त्यावर व्यवस्थापनाच्या सूचना क्षणात पोहोचतात, आणि पुष्कळ गटांत संदेश लिहिण्याची मुभा फक्त ॲडमिनला असते. सुरक्षा समितीच्या बैठकीचे इतिवृत्त बहुधा इंग्रजीत लिहिले जाते, ज्यांच्या सुरक्षेविषयी ते असते त्यांना भोजपुरी, ओडिया किंवा वारली बोली कळते. समितीवर कामगारांचे प्रतिनिधी म्हणून कायम नोकरीतले लोक बसतात, आणि पात्रापाशी उभा असलेला कंत्राटी हेल्पर त्या यादीत नसतो. त्याने धोका सांगायचा तो आपल्या सुपरवायझरला, सुपरवायझर कंत्राटदाराचा, आणि कंत्राटदाराचे बिल उत्पादन न थांबण्यावर अवलंबून. या साखळीत कोणी दुष्ट असण्याची आवश्यकताच नाही. प्रत्येकजण आपापल्या पोटाकडे पाहून थोडा वेळ गप्प राहिला की पुरे.

म्हणून या पट्ट्यातील कारखान्यांच्या व्यवस्थापकांना मला जे सुचवायचे आहे ते प्रशिक्षणवर्गांपेक्षा फार साधे आहे. कंत्राटी कामगारांनी आपल्यातून निवडलेले प्रतिनिधी सुरक्षा समितीवर घ्यावेत. इतिवृत्त मराठी आणि हिंदीत लिहून प्रत्येक पाळीच्या आरंभी वाचून दाखवावे. आणि ज्याने धोक्याची सूचना दिली आहे अशा कामगाराचा गेटपास, कारखान्याच्या व्यवस्थापकाच्या स्वतःच्या सहीवाचून, कंत्राटदाराला रद्द करता येऊ नये. यासाठी नवा कायदा लागत नाही, सरकारची परवानगी लागत नाही. व्यवस्थापकाने आपल्या अधिकारात काढलेले एका पानाचे परिपत्रक पुरेसे आहे.